पेपरात छापलेला दर आम्हाला कुठे मिळतो?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात परकीय चलनाच्या दरांची छोटीशी चौकट येते, तिच्याबद्दल लिहितेय. विषय कोरडा वाटेल, पण त्या चौकटीवर विसंबून आम्ही नवरा-बायकोने आयुष्यातला सगळ्यात मोठा हिशोब केला होता आणि तो चुकला. दर अगदी बरोबर छापला होता, त्यात तुमची काही चूक नाही. पण तो दर नेमका कुणासाठी असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं, आणि आता देश बदलून निघालेल्या कितीतरी जणांशी बोलल्यावर कळतंय की ते बहुतेकांना माहीत नसतं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एका देशातून दुसऱ्या देशात कायमचे राहायला गेलो. व्हिसा, मुलांची शाळा, सामान, विमानाची तिकिटं या सगळ्याची यादी सहा महिने आधीपासून फ्रिजवर लावलेली होती, आणि त्या यादीत पैशांची ओळ एकच होती, "बँकेतून ट्रान्सफर". बस. पंधरा-सोळा वर्षांची बचत आणि घर विकून आलेले पैसे, एवढं सगळं त्या दोन शब्दांत उरकलं होतं आम्ही.

आधी दराचं सांगते. पेपरात किंवा फोनवर सर्च केल्यावर जो दर दिसतो तो बहुतेक वेळा मधला दर असतो, म्हणजे बाजारात बँका एकमेकींकडून चलन ज्या भावाने घेतात आणि विकतात त्याच्या बरोब्बर मधला. आपल्यासारख्याला बँक तो देत नाही, ती त्यात स्वतःचं मार्जिन घालून देते. हे मार्जिन कुठल्याही पावतीवर "चार्ज" म्हणून येत नाही. बँकेच्या बाई मला म्हणाल्या होत्या, मॅडम आमची फी फारच कमी आहे, आणि ते खरंच होतं, फी नगण्य होती. समजा तुमच्याकडे दहा लाख आहेत, कुठल्याही चलनातले धरा, आणि फी आहे एक हजार. पण दर जर तीन टक्के कमी लावला तर तिथेच तीस हजार गेले, आणि ते तीस हजार कुठे लिहिलेले दिसणार नाहीत. आम्हाला जवळपास तीन टक्क्यांचाच फटका बसला. हे कळलं कधी, तर पैसे पोचल्यावर रात्री मी कागद-पेन घेऊन बसले आणि त्या दिवशीच्या दराने गुणाकार केला तेव्हा. तीन वेळा केला, मला वाटलं माझंच गणित चुकतंय.

त्यात आणखी मधल्या बँकांचे चार्जेस. लोकांना वाटतं स्विफ्टने पैसे जातात. स्विफ्ट म्हणजे बेल्जियममध्ये १९७३ साली बँकांनी मिळून उभी केलेली संस्था, ती फक्त निरोप पोचवते, पैसा तिच्यातून जातच नाही. पैसा जातो तो बँकांची एकमेकींकडे खाती असतात त्यांच्यातून, आणि तुमच्या बँकेचं समोरच्या बँकेत थेट खातं नसेल तर मधे एक, कधीकधी दोन बँका येतात आणि प्रत्येक जण वाटेत थोडं थोडं कापून घेतो. फॉर्मवर तीन पर्याय असतात, आवर, शेअर्ड आणि बेन. पहिल्यात सगळे चार्जेस पाठवणाऱ्याचे, दुसऱ्यात आपल्या बँकेचे आपले आणि पुढचे वाटेत कापले जातात, तिसऱ्यात सगळे घेणाऱ्याच्या माथी. स्वतःचेच पैसे स्वतःलाच पाठवताना हा फरक कशाला बघायचा असं वाटतं, पण घराच्या डिपॉझिटसाठी ठरलेली नेमकी रक्कम पोचायला हवी असेल तर थोडक्यासाठी कमी पडते आणि अडतं. आमच्या फॉर्मवर शेअर्डला आधीच टिक केलेली होती आणि आम्ही खाली सही केली.

पण महोदय, पैशांचं नुकसान एक वेळ सहन होतं. मी जे विसरू शकत नाही ते ते एकोणीस दिवस.

गुरुवारी दुपारी आम्ही ट्रान्सफर केली. सांगितलं होतं, दोन ते तीन कामकाजाचे दिवस. सोमवार गेला, मंगळवार गेला. जुन्या बँकेत फोन केला तर म्हणे आमच्याकडून गेले, नव्या बँकेत केला तर म्हणे आमच्याकडे आले नाहीत. म्हणजे आमची सगळी बचत जगात कुठेतरी होती पण आमच्या कुठल्याच खात्यात नव्हती! आम्ही दोन सुटकेसवर एका भाड्याच्या खोलीत, मुलगी रोज विचारायची नवं घर कधी, आणि ज्या घराचं बोलणं झालं होतं त्याचा मालक म्हणाला शुक्रवारपर्यंत थांबतो. शुक्रवारी ते घर गेलं. नवऱ्याने त्या काळात कुणालाच काही बोलून दाखवलं नाही, पण तो पहाटे तीनला उठून फोनवर बॅलन्स बघायचा ते मला दिसायचं.

आठव्या दिवशी कळलं की मधल्या एका बँकेने रक्कम तपासणीसाठी थांबवली आहे. का, ते सांगेनात. फोनवरची मुलगी एकच वाक्य परत परत, प्रोसेसमध्ये आहे, यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. मी तिच्यावर ओरडले, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण नंतर समजलं की बऱ्याच देशांत कायदाच असा आहे की बँकेने एखाद्या व्यवहाराचा संशयित म्हणून रिपोर्ट वर पाठवला असेल तर ते ग्राहकाला सांगणं हाच गुन्हा ठरतो. आमच्या बाबतीत तसा रिपोर्ट गेला होता का ते मला कधीच कळणार नाही. पण अशा वेळी समोरचा माणूस गप्प का राहतो ते निदान आता कळतं. काळा पैसा आणि दहशतवादाचा पैसा रोखायला हे नियम आहेत, १९८९ साली स्थापन झालेली एफएटीएफ नावाची आंतरराष्ट्रीय संस्था त्यावर काम करते, आणि ते नियम हवेतच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही की प्रामाणिक माणसाला हे आधी कुणी सांगत नाही. आधी कळलं असतं तर आम्ही कागद घेऊनच बसलो असतो.

कारण शेवटी मागितलं काय, तर पैसा कुठून आला त्याचा पुरावा. घरविक्रीचा करार आणि रक्कम खात्यात जमा झाली ते स्टेटमेंट. स्टेटमेंट मिळालं. करार आमच्या सामानात होता, आणि सामान होतं कंटेनरमध्ये, आणि कंटेनर समुद्रात. निळी फाइल, वर माझ्या अक्षरात "महत्त्वाचे" लिहिलेलं, पुस्तकांच्या खोक्यात मीच ठेवली होती. शेवटी ज्या वकिलांनी करार केला होता त्यांच्या ऑफिसातून एका भल्या माणसाने स्कॅन करून पाठवला, त्यासाठी तो सुट्टीच्या दिवशी ऑफिसला गेला. तिथे आणखी एक अडलं. पासपोर्टवर आणि जुन्या खात्यावर माझं नाव तीन शब्दांत, नव्या बँकेने मधलं नाव गाळून खातं उघडलेलं. ही दोन्ही नावं एकाच बाईची हे पटवून द्यायला आणखी तीन दिवस.

म्हणून जे निघणार आहेत त्यांना कळकळीने सांगते, पगाराच्या स्लिपा, घर किंवा जमीन विकली असेल तर करार, वारसाहक्काने आलं असेल तर मृत्युपत्र, मागच्या सहा महिन्यांचं नाहीतर वर्षाचं स्टेटमेंट, हे सगळं स्कॅन करून स्वतःजवळ ठेवा आणि मूळ कागद हातातल्या बॅगेत. नाव दोन्हीकडे पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरसुद्धा इकडचं तिकडे नको. आता तर नाव जुळतंय का हे बघणं बऱ्याच ठिकाणी नियमातच आलंय, ब्रिटनमध्ये मोठ्या बँकांना २०२० पासून आणि युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२५ पासून. खाते क्रमांकाचंही तसंच, युरोपात आयबॅन म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते क्रमांक लागतो, तो देशाप्रमाणे कमीजास्त लांबीचा, जास्तीत जास्त ३४ अक्षरांचा. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात आयबॅन नाहीच. अमेरिकेत बँकेची ओळख सांगणारा नऊ आकडी राउटिंग नंबर असतो आणि पुष्कळ बँकांत वायर ट्रान्सफरसाठी, म्हणजे बँकेतून थेट बँकेत पैसे पाठवायला, तो वेगळा असतो, नेहमीचा दिला तर पैसे अडकू शकतात. आधी अगदी छोटी रक्कम पाठवून बघा, ती पोचली की मोठी. आणि पाठवल्यावर बँकेकडून यूईटीआर मागून घ्या, स्विफ्टच्या प्रत्येक पेमेंटला ३६ अक्षरांचा असा एक नंबर असतो आणि त्यावरून पैसे आत्ता कुठल्या बँकेत आहेत ते शोधता येतं. आम्हाला हा नंबर मागता येतो हे आठव्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी मागितला असता तर आठवडा वाचला असता.

अजून एक, फोनचं सिम. हे इतकं साधं आहे की कुणाच्या डोक्यातच येत नाही. निघताना नवऱ्याने जुना नंबर बंद केला, कशाला फुकट बिल भरायचं म्हणून, आणि जुन्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर जायचा. उरलेली रक्कम त्या खात्यात, पासवर्ड पाठ आहे, समोर लॉगिन उघडंय आणि आत जाता येत नाही! नंबर बदलायचा तर शाखेत स्वतः या, असं उत्तर. जुना नंबर काही महिने तरी चालू ठेवा. खातंही घाईने बंद करू नका, कारण ट्रान्सफर नाकारली गेली तर पैसे जिथून निघाले तिथेच परत येतात, आणि ते खातंच नसेल तर मग काय काय होतं ते विचारू नका. फक्त तुम्ही देश सोडलाय हे बँकेला कळवा, परदेशी राहणाऱ्यांच्या खात्यांचे नियम बऱ्याच ठिकाणी वेगळे असतात.

मला अनेकांनी दोन सल्ले दिले होते आणि ते दोन्ही धोक्याचे आहेत म्हणून मुद्दाम लिहिते. एक, रोख घेऊन जा ना सोबत. रोख नेण्यावर पुष्कळ देशांत बंदी नसते, पण सांगावं लागतं. अमेरिकेत जाता-येताना १० हजार डॉलरच्या वर असेल तर आणि युरोपियन युनियनच्या सीमेवर १० हजार युरो किंवा जास्त असेल तर जाहीर करणं सक्तीचं आहे. अमेरिकेत एका कुटुंबाचं डिक्लेरेशन एकत्र असेल तर सगळ्यांची रक्कम मिळून धरतात, म्हणजे बायकोकडे थोडे मुलाकडे थोडे असं करून ते टळत नाही. युरोपात जून २०२१ पासून सोन्याची नाणी आणि बिस्किटंही रोख रकमेत मोजतात. जाहीर केलं म्हणून त्यावर टॅक्स लागतो असं नाही, एक फॉर्म भरायचा एवढंच. नाही भरला तर रक्कम जप्त होऊ शकते, पैसा पूर्ण घामाचा असला तरी.

दुसरा सल्ला, थोडे थोडे करून भर म्हणजे कुणाच्या डोळ्यावर येत नाही. हे तर कधीच करू नका. अमेरिकेत १० हजार डॉलरच्या वर रोख जमा केली की बँक सरकारला कळवते, आणि ते कळवणं टळावं म्हणून मुद्दाम तुकडे करून भरणं हा तिथे वेगळा गुन्हाच आहे, पैसा कुठूनही आलेला असो. दराचा धोका वाटून घ्यायला रक्कम दोन-तीन टप्प्यांत पाठवणं वेगळं आणि नजर चुकवायला तुकडे पाडणं वेगळं. पहिलं उघडपणे करता येतं, प्रत्येक वेळी कारण तेच आणि खरं लिहायचं.

टप्प्यांत पाठवा असं मी म्हणते त्यालाही कारण आहे. चांगल्या दराची वाट बघत बसणारे पुष्कळ असतात, आम्हीही दोन आठवडे बसलो होतो. पण दर कधी कुठे जाईल हे भल्याभल्यांना कळत नाही. १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने फ्रँक युरोसमोर फार महाग होऊ नये म्हणून लावलेली मर्यादा अचानक काढली आणि काही मिनिटांत फ्रँक युरोच्या तुलनेत तीस टक्क्यांच्या आसपास उसळला. जून २०१६ मध्ये ब्रेक्झिटचा निकाल आला त्या रात्रीत पौंड डॉलरसमोर १९८५ नंतरच्या सगळ्यात खालच्या पातळीला गेला. त्या आठवड्यात आयुष्यभराची बचत घेऊन ब्रिटनमधून निघालेलं कुणी असेल तर त्याचं काय झालं असेल याचा विचार करा. आणि कधीकधी तर दरवाजाच बंद होतो, आइसलँडमध्ये २००८ च्या बँक संकटानंतर पैसा बाहेर न्यायला लावलेले निर्बंध बहुतेक उठायला २०१७ उजाडलं. चीनमध्ये साधारणपणे माणशी वर्षाला ५० हजार डॉलरइतकंच परकीय चलन घेता येतं. आपण ज्या देशातून निघतोय तिथे वर्षाला किती पाठवता येतं हे व्हिसाच्या आधी बघायला हवं, नंतर नाही. आता मला कुणी विचारलं तर मी सांगते, नव्या ठिकाणी सहा महिने चालतील एवढे पैसे जायच्या आधीच पोचते करा, बाकीचे दोन-तीन हप्त्यांत.

टॅक्सचं मी जास्त लिहीत नाही, तो ज्याच्या त्याच्या देशाचा विषय आहे, जाणत्या माणसाला पैसे देऊन विचारावा, आणि विचारावा तो निघायच्या आधी. एक उदाहरण देते म्हणजे तारखेला किती महत्त्व आहे ते कळेल. जुने शेअर्स घेऊन कॅनडात रहिवासी झालात तर साधारणपणे त्या दिवसाचा बाजारभाव तुमची खरेदी किंमत धरतात, अमेरिकेत मात्र मूळ खरेदीचीच किंमत, म्हणजे जायच्या आधी विकले की नंतर विकले यावर टॅक्सचा आकडा बदलू शकतो. आणि जुन्या देशात ठेवलेलं खातं लपून राहील अशा भ्रमात कुणी राहू नये. शंभरहून जास्त देश-प्रदेश आता परदेशी लोकांच्या खात्यांची माहिती एकमेकांना आपणहून पाठवतात, त्याची सुरुवात २०१७ ला झाली. अमेरिकेत राहणाऱ्याला तर बाहेरची सगळी खाती मिळून वर्षात एकदा जरी १० हजार डॉलरच्या वर गेली तरी कळवावं लागतं.

आता मूळ मुद्दा. पैसे पाठवणाऱ्याला एकच आकडा हवा असतो, समोर किती पडणार. फी किती, दर किती, मधली बँक कोण, हे त्याने स्वतः जोडत बसायचं का? हा आकडा देता येत नाही असंही नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २०१३ पासून नियम आहे की सामान्य माणूस परदेशी पैसे पाठवत असेल तर त्याने पैसे भरायच्या आधी त्याला फी, दर आणि समोर मिळणारी रक्कम लेखी दाखवायची, आणि साधारणपणे अर्ध्या तासाच्या आत रद्द करायची सोय द्यायची. त्यात अपवाद आहेत, काही वेळा अंदाजाने आकडा देतात, पण आकडा असतो. जी-ट्वेंटी देशांनीही ठरवलंय की २०२७ अखेरपर्यंत पैसे पाठवणाऱ्या सगळ्या कंपन्यांनी आणि बँकांनी एकूण खर्च, म्हणजे मधल्या बँकांचे चार्जेस आणि दरातला फरक धरून, आणि पोचायला लागणारा वेळ ग्राहकाला सांगायचा. ठरवून ठेवलंय, पण काउंटरवर मी अजून तरी ते कुठे बघितलेलं नाही. गेल्या महिन्यात माझी मैत्रीण याच कामासाठी बँकेत गेली, तिला मी शिकवून पाठवलं होतं की फी विचारू नकोस, समोर किती पडतील तेवढंच विचार आणि लिहून माग. साहेब म्हणाले, असं लिहून देत नाही आम्ही. ती म्हणाली मग मी थांबते. वीस मिनिटं बसली. मग आतून एक प्रिंट आली, त्यावर दर होता, फी होती आणि खाली पोचणारी अंदाजे रक्कम. तो कागद घेऊन ती दुसरीकडे गेली, तिथे तेवढ्याच पैशांत जास्त रक्कम पोचत होती.

म्हणजे मागितलं तर मिळतं. पण न मागता मिळायला हवं, आणि जे मोठ्या आवाजात मागू शकत नाहीत, वयस्कर आहेत, नव्या देशाची भाषा येत नाही, त्यांना तर आधी मिळायला हवं.

तुम्हाला माझी विनंती छोटी आहे. तुमच्या त्या दरांच्या चौकटीखाली रोज एक ओळ छापा: "हा बाजारातला मधला दर आहे, पैसे पाठवताना तुम्हाला मिळणारा दर वेगळा असतो, प्रत्यक्ष किती पोचतील ते आधी लेखी मागा." एका ओळीला जागा किती लागते?

आपली,
एक नियमित वाचक